दुप्पट ताकदीचं इंजिन

बायकोनं वेगाची दांडी आणखी पुढे ढकलली आणि मिस्त्रींनी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. काटा सहावर होता. तो सहावरच राहिला.

नवं इंजिन जुन्याच्या दुप्पट ताकदीचं होतं. होडी मात्र तीच, मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, शिडाची. अशी होडी तिच्या लांबीच्या मानानं ठरावीक वेगानंच पाणी कापते. त्यापुढे कितीही जोर लावा, ती आपणच उठवलेल्या लाटेत अडकून बसते. उभा जन्म होड्या बांधण्यात घालवलेल्या माणसाला हे माहीत नसेल कसं? पण इंजिन घेताना मिस्त्रींनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या मध्यावर त्यांच्या छातीत कळ आली. वारा पडलेला. बायकोनं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एका हातानं सुकाणू धरलं, पण त्या एवढ्याशा इंजिनावर किनाऱ्यावरचा धक्का काही केल्या जवळ येईना. मिस्त्री वाचले. दवाखान्यातून घरी येताच मात्र तिनं जाहीर केलं, की दुप्पट ताकदीचं इंजिन बसेपर्यंत मी या होडीत पाऊल ठेवणार नाही आणि तुम्हांलाही ठेवू देणार नाही. ती एकदा बोलली की बोलली. तेव्हापासून मिस्त्री धक्क्यावर खुर्ची टाकून बांधलेल्या होडीकडे बघत बसायचे. मग मागच्या महिन्यात तीच आपणहून इंजिनवाल्याकडे जाऊन इंजिन ठरवून आली.

आता तिला खरं कळणार होतं. कळलं की ती होडी वळवणार, आणि पुन्हा तो धक्का, ती खुर्ची.

दांडी शेवटाला टेकली. होडीचा मागचा भाग खाली बसला, मागे लाट फुगली, चहाचा पेला घरंगळत मिस्त्रींच्या पायाशी आला. काटा सहाच्या किंचित पुढे सरकला आणि थांबला. बायकोनं वाकून काटा नीट पाहिला.

मिस्त्रींना लपवाछपवी फार वेळ पेलवत नसे. त्यांनी सगळं सांगून टाकलं. समोरून जोराचा वारा आला तर हे इंजिन होडीला मागे हटू देणार नाही, एवढाच त्याचा फायदा. एरवी वेग जवळजवळ तेवढाच. तू पुन्हा पाण्यावर येशील या लोभानं गप्प बसलो, हेही सांगितलं आणि मान खाली घालून पेला उचलला.

ती चिडली नाही. तिनं दांडी मागे ओढली. आवाज उतरला, मागची लाट विरली.

“इंजिनवाल्यानं मला दुकानातच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ताई, वेग काही वाढायचा नाही, म्हणाला. तरी एकदा स्वतः बघायचं होतं.”

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. “मग घेतलंस कशाला?”

“मीच शब्द देऊन बसले होते. तो मोडायचा कसा? आणि त्या खुर्चीत तुम्ही रोज खंगत चाललेले मला बघवत नव्हते.” तिनं इंजिन बंद केलं. भीती तिच्या आवाजात अजून होती. “उठा आता, शीड चढवा. सुकाणू मात्र मी सोडणार नाही.”