करडी घोडी

"दोघंही बरोबरीत!" कारकून ओरडला आणि हॅझलफर्डच्या चौकात टोप्या उडाल्या.

कर्नल ऑब्री थॉर्नले लाकडी मंचावर उभा होता. स्पेनच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता; रिकामी बाही कोटाला टाचलेली. तिथं तोफांसमोरही छाती अशी धडधडली नव्हती. चर्चची घंटा वाजली की मतदान बंद. मतदार एकच राहिला होता, थॉर्नले घराण्याचा म्हातारा कारभारी टोबायस. आणि त्याचा अजून पत्ता नव्हता.

"तुमचा टोबी वाटेत घोरत पडला असेल, कर्नल," शेजारून पॉगसन म्हणाला. बिअरच्या भट्ट्यांचा मालक, आणि ऑब्रीचा प्रतिस्पर्धी. "नाहीतर तुमच्या थोरल्या भावानं कोंडून ठेवला असेल. अर्लसाहेबांना तुमची ही थेरं आवडत नाहीत म्हणे."

लोक हसले. गोष्ट खरी होती. सैन्यातली फटक्यांची शिक्षा बंद करायची, एवढ्यासाठी ऑब्री उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांदेखत एका पोरसवदा शिपायानं फटके खाता खाता जीव सोडला होता. थोरला भाऊ एडमंड म्हणाला होता, "चाबूक गेला की शिस्त गेली." तेव्हापासून भावाभावांत अबोला होता.

"शिवाय अर्लना मूलबाळ नाही," पॉगसन गर्दीकडे वळला. "उद्या ते गेले की अर्ल हेच. आणि अर्लला पार्लमेंटात आपल्या, सामान्यांच्या सभेत बसायची बंदी. वरच्या सभेत लॉर्ड लोकांत जाऊन डुलक्या काढायच्या. मग तुमच्या मतांचं काय लोणचं घालायचं?"

"माझा भाऊ दगड पचवतो, पॉगसन," ऑब्री म्हणाला. "आज पहाटेच कोल्ह्याच्या शिकारीला गेलाय. तुझी बिअर पीत असता, तर मात्र घोर लागला असता."

चौक खदखदून हसला. तेवढ्यात पुलाकडून टापा ऐकू आल्या.

"आला, टोबी आला!"

गर्दी दुभंगली. ऑब्रीनं आधी घोडी पाहिली. करडी, कपाळावर पांढरा ठिपका. एडमंडची लाडकी घोडी. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, सख्ख्या भावानंसुद्धा. आणि आज तीच त्यानं टोबीला दिली होती, वेळेत पोचावा म्हणून. तोंडानं चकार शब्द न काढता भाऊ म्हणत होता, जा, जिंक. ऑब्रीला वाटलं, आता हरलो तरी चालेल. पण तो हरणार नव्हता.

घोडीचे गुडघे खरचटले होते, पोटापर्यंत चिखल. काय पळवली असेल म्हाताऱ्यानं! लोकांनी टोबीला जवळजवळ उचलूनच मंचावर चढवलं. वर चर्चच्या मनोऱ्यात घंटेचा दोर हलला.

"लवकर. मत कुणाला?" कारकुनानं विचारलं.

म्हातारा धापा टाकत होता.

"बोल, टोबी," ऑब्री हसत म्हणाला. "फक्त चारचौघांत ऑब्रीबाबा म्हणू नकोस. नीट नाव घे."

टोबायसनं टोपी काढली, छातीशी धरली आणि त्याच्यासमोर कमरेत वाकला.

"जी, अर्लसाहेब," तो म्हणाला.