घरचा प्रश्न

तिसऱ्या फेरीत कांचन पडली आणि पंचांनी चार म्हणायच्या आत उठून उभीही राहिली. कानामागे बसवलेलं सावरयंत्र आता सगळ्याच मुष्टियोद्ध्यांना असतं. ते पायांत बळ आणतं, मुठी वर धरतं. शरीर आधी उठतं, माणूस मागाहून येतो. तो आला की नाही हे कळावं म्हणून पडलेल्याला त्याच्या गुरूने एक घरचा प्रश्न विचारायचा, असा नियम. उत्तर बरोबर आलं की लढत पुढे चालू.

कांचनचे गुरू म्हणजे तिचे मामाच. ते दोरापाशी आले.

"आपल्या म्हशीचं नाव काय व?"

"चंद्री."

"मग तिलेच उतरवा ना, मामा," समोरच्या कोपऱ्यातून कुणीतरी हसत म्हणालं.

पंचांनी मान डोलावली. राज्याचं सुवर्णपदक आता एका फेरीवर होतं. पण मामांचा पाय दोरापासून हलेना. त्यांचा प्रश्न पुरता संपायच्या आतच उत्तर आलं होतं, आणि अकोल्याच्या सरावात रोज हाच प्रश्न विचारून ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं त्यांनीच.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "कांचन, मी तुझा कोण लागतो व?"

तिने मुठी हनुवटीशी नेल्या. ओढ्याचं पाणी दगडावरून जावं तशी तिची नजर मामांच्या चेहऱ्यावरून निघून गेली.

"चंद्री," ती म्हणाली.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल आत टाकून लढत सोडली. मग दोराखालून वाकून ते रिंगणात शिरले आणि उभ्या भाचीला कवेत धरून ती येण्याची वाट पाहत राहिले.