वॉल्टरसाहेब जागेवर नाहीत

आमच्या बूनव्हिल गावची बोली बाहेरच्याला कळत नाही, याचा व्हर्लिनला भारी अभिमान. आमच्यात पाच सेंटचं नाणं म्हणजे बकी आणि टेलिफोन म्हणजे वॉल्टर. म्हणून नाणं टाकून बोलायच्या फोनचं जे लाकडी खोपटं रस्त्यात होतं, त्यावर त्याने स्वतःच्या हाताने ‘बकी वॉल्टर’ अशी पाटी रंगवली होती.

त्या दुपारी एक परका माणूस घाईघाईने गाडीतून उतरला. “इथे फोन कुठे मिळेल?”

दुकानाच्या पायरीवरून व्हर्लिन म्हणाला, “बकी वॉल्टरकडे.”

माणसाने पाटी वाचली, टोपी काढली आणि बंद दारावर अदबीने टकटक केली. आम्ही पोट धरून हसलो.

“आत कोणी नाही का हो?”

“जेवायला गेलेत. येतील एवढ्यात,” व्हर्लिन म्हणाला.

माणूस दहा मिनिटं दारात ताटकळला आणि मग आमच्याकडे आला. “मला निघायला हवं. वॉल्टरसाहेब आले की आगीचा बंब बोलवायला सांगा. वरच्या वळणावर हिरव्या छपराचं कोठार पेटलंय.”

हिरवं छप्पर अख्ख्या खोऱ्यात एकच होतं, व्हर्लिनचं. त्याने धावत जाऊन खोपटाचं दार उघडलं, दोन्ही खिसे चाचपले आणि मागे वळून ओरडला, “अहो, बकी आहे का, बकी?”

परका गोंधळला. “तुम्हीच म्हणालात ना, जेवायला गेलेत?”