आतली फिरकी

पूलच्या टेबलावर पांढऱ्याखेरीज दोनच चेंडू उरले होते, आठ आणि नऊ; शेवटचा नऊ जी घालेल तिचा डाव. मिर्वाने पांढरा चेंडू कुठे थांबलाय ते वाकून पाहिलं.

आठ-आठ डावांची बरोबरी झाली होती. हा शेवटचा. फिनलंडच्या महिला संघात एकच जागा शिल्लक होती आणि जी हा डाव जिंकेल तिची ती होणार होती. मिर्वाने सकाळीच नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "एस्को, आज हरले तर काठी कायमची कपाटात. अर्धा जीव बाळात, अर्धा टेबलावर. बास झालं."

आठ घालणं अवघड नव्हतं. पण साध्या फटक्याने पांढरा कडेवर आपटून थेट मधल्या पॉकेटात पडणार, हे स्पष्ट दिसत होतं. तो पडला की प्रतिस्पर्धी किर्सीला आयता डाव. उपाय एकच होता, आतली फिरकी. आठ ज्या बाजूला वळवायचा, पांढऱ्याच्या त्याच बाजूला काठीचं टोक मारायचं. मग पांढरा कडेवरून आखूड फिरतो आणि नऊसमोर येऊन थांबतो.

हीच फिरकी मिर्वाला नको असायची. तिच्यात पांढरा नेमापासून केसभर सरकतो. तेवढं धरूनच नेम घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मिर्वाही घ्यायची, आणि अचूक घ्यायची. पण ऐन फटक्याच्या क्षणी तिला भरवसा वाटायचा नाही. पुरेल का एवढं? मनगट आपणहून आणखी जरा वळायचं. गेल्याच महिन्यात तुर्कू शहरातला सामना असा हातचा गेला होता.

"मनगट आवर, बाई," तिला शिकवणारा म्हातारा ताउनो दोन वर्षं घसा कोरडा करत होता.

"मनगटाला काय बोलता? काठीच बाद झालीय," ती उसळून म्हणायची. "कधी कमी सरकवते, कधी जास्त. दात येत होते तेव्हा आमच्या लुमीने चावून पाहिली, तिलासुद्धा आवडली नाही."

शेवटी परवा ताउनो काठी घरी घेऊन गेला. आज सामन्याआधी त्याने ती जोडून, घासूनपुसून तिच्या हातात दिली. "पुढचा अर्धा भाग नवाकोरा बसवलाय. हा दर वेळी सारखाच सरकवतो, मी पन्नासदा मारून पाहिलंय. तुझा नेहमीचा नेम पुरतो. वर काही घालू नकोस."

आता टेबलापाशी मिर्वा काठीच्या टोकाला खडू लावत राहिली.

"अगं, ठेव थोडा," किर्सी खुर्चीतून म्हणाली. "मला नऊला लागेल."

कोणीतरी हसलं. मिर्वाची नजर सवयीने प्रेक्षकांत गेली. लुमी एस्कोच्या मांडीवर बसून दालचिनीचा पाव खात होती. तुकडा केवढा मोठा! मिर्वाने भुवया उंचावल्या. एस्कोने तळहात दाखवला. मी आहे ना. तू खेळ.

ती वाकली. नेहमीचा नेम धरला. काठी एकदा मागेपुढे झाली, दोनदा झाली. मनात तीच जुनी कुजबुज उठली, पुरेल का एवढं? तेवढ्यात लुमीला ठसका लागल्यासारखं वाटलं. मान वर करायची नाही. एस्को आहे. आणि काठी नवी आहे.

तिने सरळ मारलं.

आठ पॉकेटाच्या जबड्यालाही न शिवता आत गेला. पांढरा कडेवर आपटला, मधल्या पॉकेटाकडे निघाल्यासारखा वाटला, मग लगाम खेचावा तसा आखूड वळला आणि नऊसमोर येऊन थांबला. किर्सीने काठीचा बुंधा दोनदा जमिनीवर आपटला. या खेळात हीच टाळी. नऊ घालायला मिर्वाला श्वाससुद्धा रोखावा लागला नाही.

नंतर गळाभेटी झाल्या. लुमीचा साखरेने चिकट झालेला हात गालावर फिरला. तिला काहीही झालेलं नव्हतं. ताउनो मात्र कॉफीच्या थर्मासपाशी पाठ करून उभा होता.

"ताउनो, काय काठी दिलीत हो!" मिर्वा ओरडली. "कुठून मागवलीत?"

"आधी पिशवीत भर नीट," तो पाठमोराच म्हणाला.

परवानंतर आज पहिल्यांदाच तिने काठी स्वतः सुटी केली. दोन भाग पिळून वेगळे करताना, खेळताना जिथे हात कधी जात नाही तिथे, जोडाच्या पितळी कड्याला लागून, तिचा अंगठा अडखळला. ताउनोच्या ‘नव्याकोऱ्या’ लाकडात शेजारी शेजारी दोन इवले जुने खळगे होते, लुमीच्या खालच्या दातांचे.