देवाजींच्या आवडीचं

"अन् गोडात काय ठेवू? बाबाले जे आवडे तेच ठेवा, म्हणतात बहुतेक लोकं," केटरर दुर्गेश म्हणाला आणि उत्तराची वाट पाहत थांबला.

देवाजींना जाऊन आठवडा होत आला होता. रविवारी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ वंदना आणि जेवणाचा कार्यक्रम होता. मनीषनगरच्या फ्लॅटमधले सोफे भिंतीला सरकवले होते आणि मुलगा प्रेमानंद सतरंजीवर बसला होता. दवाखान्यातल्या जागरणांनी त्याचे डोळे अजून जड होते.

"बुंदी ठेवा," तो शेवटी म्हणाला.

"बुंदी तुले आवडे, दादा," बहीण माया म्हणाली. "बाबा त्याइच्या वाटची तुले देत."

"मंग तू सांग."

मायाने आठवायचा प्रयत्न केला. तिला आठवले ते इतवारीच्या पेठेत कापडाच्या गाठींची हातगाडी ओढणारे बाबा, आणि उन्हाळ्यात खांद्यावर लावलेलं हळद-तेल. गाडी झेपेनाशी झाल्यावर त्यांनी धरलेली कळमन्याच्या बाजारातली चौकीदारी आठवली. तिच्या नर्सिंगच्या परीक्षेच्या दिवशी ते रात्रपाळी करून थेट तिला सायकलवर सोडायला आले होते. पेपर सुटल्यावर ती बाहेर आली तर बाबा फाटकाशी उकिडवे बसून झोपलेले. सगळं आठवत होतं. ताटावर बसलेले बाबा मात्र आठवेनात.

"आजोबा माझा डबा खायचे," प्रेमानंदची मुलगी नंदिनी दारात उभी राहून म्हणाली.

"कोणता डबा?" मायाने विचारलं.

"शाळेतून आणलेला. मी उरवायची ना, तो. मम्मी रागावेल म्हणून ते खाऊन टाकायचे. म्हणायचे, मस्त आहे."

"त्याच्यात काय असायचं, बेटा?"

"काहीही. मला जे आवडायचं नाही ते."

मग प्रेमानंदने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, बाबाले काय आवडे वं?"

बायजाबाई कप विसळत होत्या. नळ बंद झाला. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या.

दुर्गेशने नजर खाली वळवली.

"सगळ्याइचं झालं का बसत. भगोन्यात जे असन ते खात. लग्न झालं तवा विचारलं होतं म्या एकदा, तुमाले काय आवडते म्हणून. म्हणे, गरम असलं का झालं." त्या भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. "ते काही जमलं नाही. गाडी लावून घरी येत तवरी चूल इझून जाये. मंग गॅस आला, तं ह्याइची रात्रपाळी."

दवाखान्यात त्या रडल्या नव्हत्या. आताही रडल्या नाहीत. गुडघा दाबत बसल्या.

"बुंदीच ठेवतो," दुर्गेश उठत म्हणाला. दाराशी चप्पल घालता घालता तो पुन्हा वळला. "अन् जेवण गरम राहीन, काकू. शेवटच्या पंगतीपर्यंत. मी स्वतः उभा राहीन."

तो गेला. दुपार टळत आली होती. सकाळपासून कोणी नीट खाल्लं नव्हतं. मायाने वरण-भात आणि आलू-वांग्याची भाजी आणून मधे ठेवली, ताटं मांडली. नंदिनी बसली, प्रेमानंद बसला.

"आई, ये ना."

"बसा तुमी. मी मागून बसतो."

हे वाक्य त्याने जन्मभर ऐकलं होतं. आज त्याचा घास हातातच राहिला. त्याने आईकडे पाहिलं. तिच्यासाठी मांडलेल्या शेजारच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"आई, तुले काय आवडते?"

बायजाबाईंना प्रश्न नीट ऐकू आला नसावा, असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा विचारलं.

"खायाले?" त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या, एखादं जुनं नाव ओठांवर येता येता राहावं तशा.

"आठवून पाहा लागन, बाबू," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या आधी."