गालाची चव

क्रिस्टिनाला किनाऱ्यालगतच्या गणित-विज्ञानाच्या उन्हाळी शिबिरात घालतानाच ग्रेसीने सरांना बजावलं होतं, “अभ्यास काय तो घ्या. पोरीला पान्यात न्यायचं नाय.” तिचा नवरा सेबेस्टियन होडीसकट गेला तो समुद्रातच.

तरी तिला शंका होती. रोज संध्याकाळी ती पोरीच्या गालावर बोट फिरवून जिभेला लावायची.

सोमवारी खारट.

“पान्यात गेलीस?”

“नाय गं आई. घाम हाय.”

मंगळवारी खारट. बुधवारीही.

“खोटारडी! बापावर गेलीस.”

क्रिस्टिनाने बाहीने गाल पुसला.

समारोपाच्या दिवशी चोरी पकडायला ग्रेसी मासळीची टोपली बाजारात तशीच टाकून थेट पाचूबंदरच्या किनाऱ्यावर गेली. सगळी पोरं गुडघाभर पाण्यात ओरडत होती. क्रिस्टिना एकटीच त्यांच्या चपला राखत वाळूत बसली होती. तिची स्वतःची तेवढी पायात होती.

“वर्ग सुटल्यावर पोरं पाण्यात जातात, ही रोज अशीच बसते,” सर म्हणाले. “आणि रडते. तुम्ही नको म्हणालात ना.”

ग्रेसीने तिच्या गालावर बोट फिरवलं. जिभेला लावलं नाही. पदर कमरेला खोचला.

“चप्पल काढ,” ती म्हणाली.