यार्री?

दानेश्वरीनं निबंधाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हॉलभर टाळ्या पडल्या. शाळेच्या स्पर्धेत तिच्या ‘माझी आई’ला पहिला नंबर मिळाला होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या तिच्या आईनं, मल्लव्वानं, टाळ्या जरा उशिरानं वाजवल्या. ती अजून ऐकतच होती.

निबंधातली आई पहाटे ओव्या म्हणायची, ‘ऊठ बाळा’ म्हणत लेकीच्या केसांतून हात फिरवायची, कविता वाचून दाखवायची. मल्लव्वा घरात कानडी बोलायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायला गेली की ‘ती’चं ‘ते’ व्हायचं आणि ऐकणारे हसायचे. म्हणून तर सकाळी निघतानाच दानेश्वरीनं तिला सांगितलं होतं, “तिथं तू काही बोलू नकोस.”

शाळेतल्या संयोगिता मॅडम मुद्दाम मल्लव्वाजवळ आल्या. “ताई, पोरीनं तुम्हाला अगदी डोळ्यांपुढं उभं केलं हो.”

मल्लव्वानं हात जोडले.

बसस्टॉपवर दोघीच होत्या, तेव्हा तिनं तोंड उघडलं. “दानव्वा, ते बाई लई चांगलं हाय. पण ओवी मी कवा म्हटलो?”

“निबंधात तसंच लिहायचं असतं.”

“आणि अव्वा म्हणून लिवलं असतंस तर? नंबर गेला असता?”

“सगळी हसली असती,” दानेश्वरी म्हणाली. आठवीत असताना एकदा वर्गात ‘आई’ऐवजी तिच्या तोंडून चुकून कानडी ‘अव्वा’ निघालं होतं, आणि वर्षभर पोरी तिला त्याच नावानं हाक मारत होत्या. हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

मल्लव्वानं मान हलवली.

कसबा बावड्याची बस आली. दोघींना खिडकीजवळची सीट मिळाली. त्यांच्याच पुढं वर्गातली निशिगंधा आणि तिची मैत्रीण येऊन बसल्या. मागं वळून त्यांनी बक्षिसाचा कप हातात घेतला, फिरवून बघितला, परत दिला. बस सुटली तसा मल्लव्वाच्या पिशवीत फोन वाजला.

सदलग्याहून तिच्या आईचा होता. म्हातारी रोज याच वेळेला फोन करायची. सुनेला नंबर लावायला सांगायची आणि मग गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची. मल्लव्वाही तेवढ्याच मोठ्यानं बोलायची. सीमेपलीकडच्या त्या घरात कुणाला मराठी येत नव्हतं.

मल्लव्वानं लेकीकडं बघितलं. मग पुढच्या दोन वेण्यांकडं. फोन कानाला लावला आणि आवाज खाली आणून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “हॅलो. मी बसमध्ये आहे. नंतर बोलते.”

पलीकडून म्हातारीचा आवाज आला. दानेश्वरीलाही नीट ऐकू आला.

“यार्री?”

कोण हो तुम्ही. परक्या माणसाला विचारतात तसं, मान देऊन.

मल्लव्वानं फोन कानाला घट्ट धरला. “मी,” ती म्हणाली. “तुमची मुलगी बोलते आहे.”

“राँग नंबर री,” म्हातारी कुणाला तरी म्हणाली आणि फोन कट झाला.

दानेश्वरीच्या घशात अव्वा हा शब्द आला. तिनं आईच्या हातावर हात ठेवायला म्हणून उचललाही. एवढ्यात निशिगंधा हसत मागं वळली.

“काकू, किती छान बोलता की तुम्ही. ही म्हणायची, आई कुणाशी बोलत नाही म्हणून.”

“थँक्यू,” मल्लव्वा म्हणाली.

दानेश्वरीचा हात तसाच खाली गेला.

मल्लव्वाच्या मांडीवर फोन पुन्हा वाजू लागला. स्क्रीनवर कानडी अक्षरांत ‘अव्वा’ उमटलं होतं. तो वाजत राहिला, थांबला, परत वाजला. बावडा येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या.